शटर गेलंय, कॅमेरा नाही

कॅमेरा बंद पडला म्हणलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "रिपेअरला किती सांगितले?" आणि आकडा ऐकला की लगेच, "अगं मग त्यात थोडे घालून नवीनच घे की." गेले काही दिवस ऑफिसात, घरात, नातेवाइकांत मी हे इतक्यांदा ऐकलंय की म्हणलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकूया. माझं मत असं की पैशाचा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न म्हणजे नक्की गेलंय काय. ते कळल्याशिवाय सांगितलेली रक्कम जास्त की कमी हे ठरणार कसं?

माझा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) सोळा मेगापिक्सेलचा, चांगला जुना, आणि त्याचं मुख्य काम एकच, पावसाळा आला की कास. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटातल्या बाकीच्या जागांबरोबर कासपण युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं आणि तेव्हापासून तिथं येणाऱ्यांचा ओघ सुरूच आहे. सगळे सोनकी आणि तेरडा बघायला येतात, तेही छानच दिसतं, पण माझा जीव जमिनीलगतच्या बारक्या फुलांत अडकलेला, सीतेची आसवं, गेंद, आणि सगळ्यात जास्त दवबिंदू. कीटक खाणारी वनस्पती ती, एवढीशी, पानावरच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि त्यात एखादं चिलट पाय अडकून बसलेलं असतं. उभ्यानं बघितलं तर ते दिसतसुद्धा नाही. त्यासाठी मॅक्रो लेन्स पाहिजे, म्हणजे बारक्या गोष्टी अगदी जवळून टिपणारी, गुडघे टेकून बसायची तयारी पाहिजे, आणि आपण कुणा दुसऱ्या रोपावर तर बसत नाही ना हे आधी बघायला पाहिजे (हे प्लीज सगळ्यांनीच बघा, सेल्फीसाठी फुलांत शिरणारे बघितले की फार वाईट वाटतं).

तर यंदा तिथंच फोटोच्या एका कडेला काळा पट्टा यायला लागला. आधी फक्त फास्ट शटर स्पीडला (म्हणजे शटर अगदी क्षणभरच उघडतं तेव्हा), मग सरसकट, आणि नंतर स्क्रीनवर एरर लुकलुकायला लागली नि आरसा वरच्या वर अडकला. बॅटरी काढून घातली की एखाद-दुसरा फोटो यायचा, परत तेच.

इथं लोक घाबरून डायरेक्ट नवीन कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघत बसतात, त्याआधी घरी करण्यासारखं बरंच आहे. दुसरी लेन्स लावून बघा, लेन्सचे आणि बॉडीचे सोनेरी काँटॅक्ट कोरड्या सुती कापडानं हलके पुसून घ्या, बॅटरी पूर्ण चार्ज करा, कार्ड बदला. लेन्स बदलल्यावर त्रास गेला तर बॉडीला काही झालेलं नाही. आणि मग पट्टा कुठल्या स्पीडला येतो ते बघायला पांढऱ्या भिंतीचे फोटो, एकेक स्पीड वाढवत, सेकंदाच्या साठाव्या भागापासून चार हजाराव्या भागापर्यंत. पण हे दिवसाउजेडीच करायचं, ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली नाही, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यातले बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण फास्ट स्पीडला फोटोत पट्टे येतात, आणि मग चांगल्या कॅमेऱ्यावर उगाच आळ.

शटर म्हणजे फोटो टिपणाऱ्या सेन्सरसमोरचं झाकण, त्यात दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा मागनं येऊन बंद करतो. स्लो स्पीडला सेन्सर काही क्षण पूर्ण उघडा असतो, पण स्पीड वाढला की पहिला पुरता उघडायच्या आतच दुसरा निघतो आणि मधली अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते. पहिला पडदा दमला, रेंगाळला, की ती फट वाटेतच मिटते आणि तेवढा भाग काळा. म्हणून माझं आधी फास्ट स्पीडला बिघडलं. मी लेन्स काढून टेबल लॅम्पखाली आत बघितलं (बोट घालायचं नाही, फुंकायचं तर अजिबात नाही) तर काळ्या पात्यांच्या रांगेत एकच पातं जरासं तिरकं, केसभर पुढं आलेलं दिसलं.

पुण्याला एका जुन्या रिपेअरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कॅमेरा कानाजवळ धरला, एकदा क्लिक केला आणि म्हणाले, "ताई, शटरच आहे. आतला सर्किट बोर्ड ठीक दिसतोय, पण उघडल्यावर खात्रीनं सांगतो." मग कंप्युटरवर माझाच एक फोटो उघडून आतली माहिती दाखवली, बऱ्याच डीएसएलआरमध्ये आजवर किती क्लिक झाले तो आकडा फोटोबरोबर साठवलेला असतो. माझा दीड लाखाच्या पुढं गेलेला. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाखाचं, त्याच्या वरच्या मॉडेलचं दीड लाखाचं धरलेलं असतं, म्हणजे त्यानं आपलं आयुष्य पूर्ण केलं होतं. गाडीचा टायर झिजला म्हणून कुणी गाडी विकत नाही, तसंच हे, झिजणारा पार्ट झिजला.

खर्च साडेसात हजार सांगितला. त्याच मॉडेलची सेकंडहँड बॉडी पंधरा-सोळा हजाराला मिळते, पण त्या बॉडीचं शटर किती चाललंय, ती कुणाच्या लग्नाच्या ऑर्डरी मारून आलीय, आत ओल गेलीय का, काहीच आपल्या हातात नाही. माझ्या बॉडीचा पूर्ण इतिहास मला माहितीय आणि शटर कोरं मिळणार.

राहिला मुद्दा नव्या मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा. दादाचा सगळा जोर त्याच्यावर. कॅमेरे चांगलेच आहेत, त्यात वाद नाही. पण माझी मॅक्रो लेन्स जुनी, तिच्या आत मोटर नाही, बॉडीतली मोटर एका बारीक स्क्रूनं तिचा फोकस फिरवते. नव्या बॉडीला अडॅप्टर लावून ती बसेल, फोटोही येतील, पण त्या अडॅप्टरमध्ये फिरवणारी मोटर नाही, म्हणजे ऑटोफोकस गेला. दवबिंदूला मी हातानंच फोकस करते, त्याचं काही अडत नाही, पण चतुर नि फुलपाखरं हातानं फोकस करेपर्यंत थांबत नाहीत ना! म्हणजे बॉडी बदलली की लेन्स बदला, लेन्स बदलली की बजेट दुपटीच्या वर. आणि सोळा मेगापिक्सेलचा फोटो बारा बाय अठरा इंचाला व्यवस्थित छापून येतो, मला त्याहून मोठा छापायचाच नाही. त्यामुळं रिपेअर.

पण दरवेळी रिपेअरच करा असं मी अजिबात म्हणत नाही. सांगलीला ताईचा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे, लेन्स बॉडीलाच जोडलेली, चालू केला की लेन्स निम्मी बाहेर येऊन अडकते आणि लेन्स एरर. त्या लेन्सला आतून बारकी प्लॅस्टिकची चाकं ढकलतात, वाळूचा एक कण गेला तरी बस्स. त्यात अख्खं लेन्स युनिटच बदलावं लागतं आणि तो खर्च जवळजवळ त्या कॅमेऱ्याइतकाच. तिला मीच सांगितलं, ताई यात एक रुपया घालू नको, तुला पोरांचे वाढदिवस नि गॅदरिंगचे फोटो काढायचेत, तुझा फोन त्याहून चांगले काढतो. तसंच पाणी आत जाऊन बोर्डावर हिरवट गंज चढला असेल तर आज एक दुरुस्त होतं, महिन्यानं दुसरं जातं, तिथं थांबावं. लेन्सला बुरशी नुकतीच लागली असेल तर साफ होते, पण तिनं काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात हे सहज होतं, म्हणून माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर असतात, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे (ती पुरचुंडी पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि तो तवा स्वयंपाकाला वापरू नका).

कॅमेरा आणायला जाल तेव्हा घरी निघायच्या आधीच, दुकानाच्या बाहेर उजेडात येऊन, सगळ्या स्पीडला भिंतीचे फोटो काढून बघा, जुना पार्ट मागून घ्या आणि कामाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. काकांनी न मागताच माझं जुनं शटर पुडीत बांधून दिलं, तीन महिन्यांची वॉरंटी लिहिली. पट्टा गेलाय, आरसा खटकन खाली येतो. उद्या याचा बोर्ड गेला तर मात्र मी दुरुस्त करणार नाही, बॉडी पार्टसाठी विकीन आणि दादाला घेऊन मिररलेस बघायला जाईन, पण मॅक्रो लेन्स ठेवणार, हातानं फोकस करून.