हात लावता येणारं स्मारक

नाशिकमध्ये पुतळा म्हटलं की चौक आठवतो, उंच चौथरा, भोवतीची जाळी आणि जयंतीला शिडी लावून घातलेला हार. इथे शिकागो विद्यापीठाच्या आवारात, एलिस अॅव्हेन्यूच्या कडेला जे ब्राँझचं शिल्प उभं आहे, त्याला ना चेहरा आहे ना जाळी. जाता येता कुणीही हात लावावा. उंची साधारण 12 फूट, शिल्पकार हेन्री मूर, नाव ‘न्यूक्लिअर एनर्जी’.

याच जागी पूर्वी फुटबॉलचं मैदान होतं. प्रेक्षकांच्या स्टँडखाली रॅकेट्स (स्क्वॉशसारखा एक खेळ) खेळायची बंदिस्त जागा होती. तिथे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटचे ठोकळे एकावर एक रचले, 57 थर, त्यात मधे मधे युरेनियम. किरणोत्सर्ग अडवायला भिंत नाही, थंड करायची सोय नाही, आणि हे सगळं भर शहरात! 2 डिसेंबर 1942 च्या दुपारी तिथली अणूंची साखळी अभिक्रिया, म्हणजे एक अणू फुटला की त्यातून पुढचे फुटत जाणं, प्रथमच स्वतःच्या बळावर चालू राहिली. मिळालेली शक्ती जेमतेम अर्धा वॅट. त्यानंतर तीन वर्षंही उलटली नव्हती, तोच हिरोशिमा झालं. आणि 1969 पासून आपल्या तारापूरला जी वीज तयार होते, तिचं मूळही त्याच दुपारीत आहे.

बरोबर 25 वर्षांनी, 2 डिसेंबर 1967 ला, या शिल्पाचं अनावरण झालं. स्टँड तोवर पाडलेलं होतं. आता शेजारी ग्रंथालयाचा मोठा काचेचा घुमट आहे.

शिल्पाभोवती सावकाश प्रदक्षिणा घालावी. वरचा भाग गुळगुळीत, गोलसर. एका बाजूने ती कवटी वाटते, दोन पावलं सरकलं की अणुस्फोटाचा ढग. खाली मात्र खांब आहेत, पोकळ्या आहेत, आत शिरावंसं वाटेल अशी जागा आहे. मूर यांना हे दोन्ही एकत्र हवं होतं, भीतीही आणि आसराही.

माझे मामा इथे आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम घेऊन गेले. त्यांचं आयुष्य नाशिकच्या तांबट लेनमध्ये घागरी आणि बंब घडवण्यात गेलं. त्यांनी आधी माहितीचा फलक पाहिलाच नाही. बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला, तळवा फिरवला आणि म्हणाले, “ओतीव आहे गं हे, घडीव नाही. आतून पोकळ.” मग मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. नंतर विचारलं, “मग हे आनंदाचं की दुःखाचं?”

फलकावर तारीख आहे, काय घडलं ते आहे. अभिमान बाळगा की शरम, हे शिल्प सांगत नाही. मला हेच त्याचं मोठेपण वाटतं. याच शिल्पाची लहान आवृत्ती हिरोशिमाच्या समकालीन कला संग्रहालयात आहे. ज्या शहराने तो ढग सोसला, त्यानेही हा आकार आपल्याकडे ठेवून घेतला. विजयाचा स्तंभ उभारला असता तर हे शक्य झालं असतं का?

आपल्या नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे. त्यांच्या आवारात असं एखादं काम उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. कुणा एका व्यक्तीचं नको, माणसाने केलेल्या एखाद्या मोठ्या गोष्टीचं असावं. आणि ते परक्या फाउंड्रीत ओतलेलं नसावं, आपल्या तांबटांनी घडवलेलं असावं. मामांना फोनवर हे बोलून दाखवलं, तर त्यांनी आधीच विचार करून ठेवला होता. जाड पत्रा मिळाला पाहिजे, तुकड्या तुकड्यांत मठारायचा, मग डाग देऊन सांधायचा. 12 फूट होईल म्हणाले, फक्त ठोक्यांच्या खुणा घासून काढायच्या नाहीत.