रात्रीची हाक

काल रात्री माईंनी, माझ्या सासूबाईंनी, हाक मारली नाही. परवाही नाही. सकाळी पलंगाखालचं भांडं उचलायला गेले तर ते मोरीत विसळून पालथं घातलेलं. म्हणजे रात्री त्या उठल्या होत्या. अंधारात भिंत धरून, डावा पाय ओढत मोरीपर्यंत गेल्या आणि परत येऊन झोपल्या. मी शेजारच्या खोलीत टक्क जागी होते, तरी कळलं नाही. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं, "तिकडं डोंगरावर झोप लागत हुती व्हय गं?" मी पावटे सोलत बसले होते. म्हटलं, "लागली की. इतकी गाढ लागली माई, उजाडलेलं कळलंच नाही." माईंनी मान हलवली, जपमाळ उशाखाली सारली. तेव्हापासून रात्रीची हाक बंद.

धाकटीला सांगितलं तर म्हणाली, "बरंच झालं की वहिनी, तुम्हाला झोप तरी मिळेल." तिचं काही चुकत नाही. पण झोप मिळते कुठं? हाक येत होती तेव्हा उठून, काम करून परत डोळा लागायचा. आता न येणारी हाक ऐकत पडून राहते. दोन वाजतात, तीन वाजतात. चारच्या सुमाराला कोपऱ्यावर दुधाची गाडी येते, क्रेट आपटतात, आणि मग उजाडतंच.

अमेरिकेत पोराकडे दोन महिने गेले होते, तिथल्या डोंगरावरची ती रात्र मला अजून नीट उलगडलेली नाही. ती एकदा सलग लिहून काढते, म्हणजे माईंना मी काय सांगितलं ते माझं मला तरी कळेल.

पोरानं आधी चकचकीत जागांचे फोटो दाखवले होते. सूनबाईच म्हणाली, आईंना गर्दी दाखवायला कशाला न्यायचं, गर्दी त्यांनी शिवाजी पेठेत जन्मभर बघितली आहे. शिवाय तिथं हॉटेलचा एका रात्रीचा आकडा ऐकला की माझ्या पोटात गोळा यायचा. मग ग्रँडव्ह्यू नावाची जागा ठरली. लॉस एंजेलिसहून उत्तरेला चारशेएक किलोमीटर, बिग पाइन या गावाच्या पूर्वेला व्हाइट माउंटन्स म्हणून डोंगररांग आहे, तिच्या अंगावर ८,६०० फुटांवर. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ हजार मीटर वर. आधी नाव नोंदवायचं नाही, जो पहिला येईल त्याची जागा. एका रात्रीचे पाच डॉलर, तेही देणगी म्हणून. लिफाफ्यात घालून लोखंडी खांबाच्या फटीत सोडायचे. मागायला कोणी माणूस नाही. एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, लांबवर खड्ड्याचा संडास, बस्स. पाणी नाही. नळ नाही, विहीर नाही, काही नाही. जेवढं लागेल तेवढं खालून घेऊन जायचं.

पाण्यानं सुरुवातीला माझा जीव घाबरा केला. कोल्हापूरच्या बाईला पाणी उशाला लागतं. पंचगंगा आहे, रंकाळा आहे, आता काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आहे. तिथं तोटीच्या दोन कॅनमध्ये सगळं. सूनबाई अर्ध्या वाटी पाण्यात पातेलं कसं काढायचं ते दाखवायची: आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायचं, तो तुकडा खाऊन टाकायचा, मग दोन चमचे पाणी फिरवायचं. मी डाळ शिजवायला घेतली. पाणी उकळ्या मारतंय आणि डाळ दाताला लागतेय. पोरगा म्हणाला, आई, एवढ्या उंचीवर पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांनाच उकळतं, तू कितीही उकळ. शेवटी कांदा-लसूण मसाला घातला आणि डाळ दातानंच बारीक करत तशीच खाल्ली.

तिथल्या कोरडेपणाचं कारण त्यानं सांगितलं ते मात्र लगेच समजलं. पश्चिमेला सिएरा नेवाडा हा पर्वत आडवा उभा आहे. समुद्राकडून आलेला ढग तिथंच रिता होतो, पलीकडे काही पोचत नाही. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरवरच्या शिरोळला पाचशे-सहाशे पडला तरी खूप. फक्त तिथं सिएराच्या अंगावरून जे वितळून दरीत उतरतं, तेही दरीत राहिलेलं नाही. १९१३ साली लॉस एंजेलिसनं कालवा काढून ओवेन्स नदीचं पाणी नेलं आणि पुढच्या काही वर्षांत खालचा ओवेन्स तलाव कोरडा पडला. जाताना गाडीतून तो दिसला, पांढराफटक. पोराच्या घरी नळाला येणारं पाणी यातलंही असतं म्हणे. त्या रात्री हे मनात घोळत होतं खरं, पण मला लिहायचंय ते वेगळं.

जूनचा महिना असूनही सूर्य गेला तशी थंडी हाडात शिरली. ओठ फुटले, नाकातून रक्ताचा थेंब आला. भोवती पिन्यॉन आणि जुनिपरची बुटकी झाडं. आमच्याशिवाय दोनच तंबू, तेही लांब. अंधार पडल्यावर सूनबाईनं टॉर्च बंद करायला लावला. आकाशगंगा मी पहिल्यांदा पाहिली असं नाही, माहेरी लहानपणी बघितली असणार, पण इतकी खाली आलेली नाही.

मग सगळे आपापल्या तंबूत गेले आणि शांतता झाली. वारा नव्हता. कुत्रं नाही, पाल चुकचुकत नाही, पंखा नाही, लांबची गाडी नाही. सुरुवातीला मी घाबरले. माझ्याच कानात रक्त धपधप करतंय ते ऐकू यायला लागलं. कुठंतरी काहीतरी ऐकू येईल म्हणून कान ताणून पडले. काय येणार होतं? माईंचा खोकला? तो चौदा हजार किलोमीटरवर होता. २०१९ च्या महापुरात, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता त्या दिवसांत माईंचा डावा हात गेला. तेव्हापासून माझ्या कानाला सुट्टी नाही. झोपेतही एक कान त्यांच्या दाराशी असतो. त्या रात्री तो कान कधीतरी मिटला. केव्हा, ते मला कळलं नाही. सकाळी पोरगा चहा घेऊन हाका मारत होता आणि मला आपण कुठं आहोत हे आठवायला वेळ लागला.

उठल्यावर माई आठवल्या नाहीत. घर आठवलं नाही, हे आठवले नाहीत. (ह्यांचं पुन्हा केव्हातरी.) चहा संपेपर्यंत मी कोणाचीच कोणी नव्हते आणि मला ते आवडलं. हे मी माईंना सांगितलेलं नाही. पण "गाढ लागली" म्हणताना माझा आवाज कसा आला असेल ते मला ऐकू आलं नाही. त्यांना आलं असणार. डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यापासून माई माणसांचे आवाज फार बारकाईनं ऐकतात.

माई आठवल्या त्या दुसऱ्या दिवशी. वर दहा हजार फुटांवर ब्रिसलकोन पाइनचं राखीव वन आहे. चार-चार हजार वर्षांची झाडं. १९५७ साली एडमंड शुल्मन या शास्त्रज्ञानं तिथल्या एका झाडाची वर्तुळं मोजली, तेव्हाच ते ४,७०० वर्षांच्या पुढचं निघालं. मेथुसेला नाव आहे त्याचं. नेमकं कुठलं ते सांगत नाहीत, पाटी लावत नाहीत, लोक खरवडून नेतील म्हणून. त्यामुळे वाटेवरचं प्रत्येक झाड तेच असेल अशा नजरेनं आम्ही बघत होतो. माती पांढरी, चुनखडीसारखी, तिच्यात धड गवत उगवत नाही. तिथं ही झाडं जगतात कारण दुसरं कोणी तिथं जगायला येत नाही. वाढ इतकी सावकाश की लाकूड दगडासारखं घट्ट होतं, त्याला कीड लागत नाही, मेलेलं झाड कुजतही नाही.

एका झाडापाशी मी थांबले. बुंधा जवळजवळ पूर्ण मेलेला, उघडा, पिळलेला, वाऱ्यानं घासून गुळगुळीत झालेला. फक्त एका अंगाला हातभर रुंद सालीची पट्टी मुळापासून वर गेली होती आणि तिच्या टोकाला एकच फांदी हिरवीगार होती, सुया दाट, छोटं जांभळट बोंड धरलेलं. बाकीचं झाड सोडून देऊन तेवढंच जगवलेलं. त्या पट्टीवर मी हात ठेवणार होते, पण सूनबाईनं हळूच मनगट धरलं.

परत आल्यावर हे माईंना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "त्येला पाणी कोण घालतंय?" म्हटलं कोणीच नाही, थंडीत बर्फ पडतो, तो वितळतो तेवढंच. "आणि ते बाकीचं मेल्यालं झाड? त्ये तोडत न्हाईत?" तोडत नाहीत म्हटलं. बराच वेळ त्या उजव्या हातानं डावा हात चोळत बसल्या.

काल दुपारी हे सगळं माझ्या डोक्यावर बसलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३६ फुटांवर गेलं होतं. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, म्हणजे घरातला प्रत्येक माणूस दर तासाला मोबाइल बघणार आणि मीच कांदे, बटाटे, गॅस, माईंच्या गोळ्या यांची बेगमी करणार. ओट्यापाशी उभी होते आणि रडू आलं. इतक्या वर्षांत कोणी एकदा तरी म्हणावं की आज तू झोप, मी जागतो. कोणी म्हटलं नाही. आणि म्हटलं कोणी, तर ते माईंनी, तेही तोंडानं नाही, हाक न मारून. ज्या बाईला उठून बसायला हात लागतो तिनं मला झोप द्यावी, आणि घरातल्या धडधाकट माणसांना ते सुचूही नये? आपलं कोणी नाही असं वाटत राहिलं. पुरुषमाणसं ओसरीवर पाण्याची पातळी मोठ्यांदा वाचत होती.

आज दुपारी राहवलं नाही. माईंचे केस विंचरताना सरळ विचारलं, "रात्री हाक का मारत नाही तुम्ही? पडला असता म्हणजे?"

"न्हाई पडले."

"पण का?"

माई थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला बी बघायचं हुतं जमतंय का. तू हाकंसरशी धावत यायचीस, मग मी कवा उठून बघितलंच न्हाई." मग म्हणाल्या, "तू तिकडं असताना धाकटीला हाक ऐकू यायची न्हाई. तवाच दोनदा गेलते. तुला सांगितलं न्हाई."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आधी राग आला, तोही कोणावर ते ठरवता येईना. दोन महिने मी तिकडं, आणि इथं माई अंधारात मोरीपर्यंत जाऊन येतायत. मंगळवारपासून मी धरून बसले होते की माझ्या बोलण्यानं त्या दुखावल्या. दुखावल्या असतीलही. पण त्यांचं स्वतःचंही काही चाललं होतं आणि त्यात मी नव्हते. हे पचायला वेळ लागला, आणि पचल्यावर खांदे जरा सैल झाले. केस विंचरून झाले तरी मी फणी हातात घेऊन बसून राहिले.

माई मग त्यांच्या माहेरचं सांगत बसल्या. पन्हाळ्याखालचं गाव, जोंधळा हुरड्यावर आला की राखणीला शेतात माळ्यावर झोपायला जायचं. वडील एका टोकाला, या दुसऱ्या टोकाला, हातात गोफण. "सुरवातीला भ्या वाटायचं. मग कवा डोळा लागायचा कळायचं न्हाई. तुझ्यागतच." लग्न होऊन पेठेत आल्यावर तसं झोपायला मिळालं नाही म्हणाल्या. एवढं बोलून गप्प झाल्या.

संध्याकाळी ह्यांना सांगून मोरीच्या भिंतीला लोखंडी दांडी बसवून घेतली. बोळात छोटा दिवा लावला. माईंशी ठरलंय की पाऊस थांबेपर्यंत, फरशी ओली आहे तोवर, हाक मारायची. त्यानंतर त्यांच्या मनावर. त्यांनी अट घातली की मी आधी उठून दारात उभं राहायचं नाही. मला ते जमेल का ते बघायचं आहे. आज पहिली रात्र.

आणि एक काढलंय त्यांनी. दिवाळीनंतर पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर एक रात्र न्या म्हणतात. मसाईच्या देवळापर्यंत लहानपणी चालत गेल्या होत्या. आता जीप वर जाते, हे खरं आहे. पठार उघडं, वारा फार, नोव्हेंबरात थंडी असणार, आणि रात्री त्यांना दोनदा तरी उठावं लागतं, तिथं दांडी कुठली? हे म्हणाले दोघींनाही वेड लागलंय. धाकटी म्हणाली मीपण येणार. तंबू तिच्या पोराकडे आहे, पण त्याची एक काठी मोडलीय म्हणतो. बसस्टँडजवळ ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे, तिथं नुसती काठी मिळते का ते पाऊस कमी झाला की विचारून येते.