शाळेच्या गच्चीवरचा तीन नंबर कॅमेरा

तासगाव तालुक्यात, येरळेच्या काठावर एक गाव आहे. तिथल्या यात्रेतल्या कुस्ती मैदानाचं लाइव्ह गेली चार वर्षं आमच्याकडे आहे. कॅमेरे तीन. एक मिक्सरच्या (कॅमेऱ्यांची चित्रं निवडून लाइव्ह पाठवायचं यंत्र) मांडवाशेजारी, एक आखाड्याला लागून खांद्यावर, आणि तिसरा मैदानापलीकडच्या शाळेच्या गच्चीवर. गच्चीवरून आखाडा, भोवतीची माणसं आणि मागच्या द्राक्षबागा एकाच चौकटीत येतात. तो शॉट मला जीव की प्राण आहे. पण मांडवापासून गच्चीपर्यंत केबलच्या वाटेनं २४० मीटर होतात, आणि तिथंच सगळं घोडं अडायचं.

कॅमेऱ्याचं चित्र नेणारा एचडी-एसडीआयचा सिग्नल तांब्याच्या चांगल्या कोॲक्स केबलवर शंभर मीटरच्या आसपास नीट जातो. पुढं बूस्टर लावावे लागतात. गेल्या वर्षी दोन बूस्टर लावले होते. त्यातल्या एकाचा अडॅप्टर गर्दीत कुणाच्या तरी पायानं निसटला आणि ऐन रंगलेल्या कुस्तीत तीन नंबरचं चित्र गेलं. दुसरा त्रास विजेचा. मांडव जनरेटरवर, गच्चीवरचा कॅमेरा शाळेच्या लाइटवर. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी, त्यामुळे केबलच्या बीएनसी कनेक्टरला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि चित्रात मधूनच पांढरे ठिपके उडायचे. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या यात्रेला हे तांब्याचं प्रकरण बंद करायचं. फायबरमधून उजेड जातो, वीज जात नाही, म्हणजे अर्थिंगचं भांडणच मिटलं.

स्टुडिओत किंवा मोठ्या क्रिकेट सामन्याला कॅमेऱ्याला जी जाड केबल असते ती हायब्रिड असते. तिच्यात दोन फायबर आणि सोबत तांब्याच्या तारा, त्यामुळे कॅमेऱ्याला वीजही तिच्यातूनच मिळते. ती आमच्या बजेटबाहेरची. मी पुण्याहून कॅमेऱ्याच्या पाठीवर बसणारं फायबर युनिट, त्याची मांडवात ठेवायची जोडपेटी आणि ३०० मीटरचा टॅक्टिकल (मैदानात टाकायच्या मजबूत) फायबरचा ड्रम भाड्यानं आणला. ड्रममध्ये चार तंतू, सिंगल मोड, टोकांना निळे एलसी कनेक्टर.

मैदान दुपारी दोनला लागणार होतं. आम्ही सकाळी सातलाच गावात पोचलो. आधी केबल टाकली. टॅक्टिकल फायबरला वर केव्हलारच्या धाग्यांचं बळ असतं, ते ओढून तुटत नाही, पण पीळ आणि घडी त्याला सोसत नाही. म्हणून ड्रम काठीवर फिरता ठेवून केबल सोडली आणि गच्चीवर उरलेली इंग्रजी आठाच्या आकारात पसरून ठेवली. शाळेच्या फाटकापाशी ट्रॅक्टरची वाट होती. तिथं चार बोटं चर खणून केबल पुरली, वर वाळूची पोती टाकली.

युनिट बसवायला पाच मिनिटं लागली. कॅमेऱ्याच्या मागची बॅटरी काढायची, तिच्या व्ही-लॉक प्लेटवर युनिट सरकवायचं, आणि बॅटरी युनिटच्या पाठीवर लावायची. मग आखूड जंपर, म्हणजे जोडवायरी: कॅमेऱ्याचं एसडीआय आउट युनिटच्या इनला, युनिटचं रिटर्न आउट (मिक्सरकडून परत येणारं चित्र) कॅमेऱ्याच्या प्रोग्राम इनला, आणि हेडसेट. आमचे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, गेली तीन वर्षं गच्चीवरचा कॅमेरा तेच चालवतात. ते म्हणाले, "कॅमेरा मागनं जड झालाय, पॅन मारताना डोकं वर उचलतंय." खरंच होतं ते. कॅमेरा ट्रायपॉडच्या प्लेटवर दोन इंच पुढं सरकवला तेव्हा तोल बसला. हे आधी करून घ्यावं. सगळ्या वायरी लागल्यावर करणं जिवावर येतं.

आता फायबर. दोन तंतू लागतात, एक जाणारा, एक येणारा. इकडचं टीएक्स (उजेड पाठवणारं भोक) तिकडच्या आरएक्सला (उजेड घेणारं भोक) गेलं पाहिजे. मी दोन्हीकडे एक नंबर टीएक्सला आणि दोन नंबर आरएक्सला लावला होता. साहजिकच कुठलाच दिवा लागला नाही. मांडवातल्या पेटीवरची दोन टोकं अदलाबदल केली. गच्चीवरून दाजींचा फोन आला, "हिकडं हिरवा लागला!" त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मिक्सरचं प्रोग्रामही दिसायला लागलं. पण माझ्याकडे पेटीवर पिवळा दिवा. तीन नंबरचं चित्र दोन सेकंद यायचं, थिजायचं, काळं व्हायचं. जायची वाट मोकळी, यायची वाट अडलेली.

डिजिटल सिग्नलचं हे वागणं ओळखीचं आहे. तो हळूहळू खराब होत नाही. कड्याच्या काठापर्यंत साफ असतो आणि मग एकदम पडतो. पेटीच्या मेनूत आत येणाऱ्या उजेडाचा आकडा दिसतो. तो उणे १९ डीबीएम होता (उजेडाच्या ताकदीचं माप; उण्यातला आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी). पेटीला नीट वाचायला उणे १८ च्या वर लागतो. कागदावर हिशेब केला तर असं व्हायला नको होतं. १३१० नॅनोमीटरला सिंगल मोड फायबरमध्ये किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबलची घट होते, म्हणजे आमच्या ३०० मीटरला जेमतेम ०.१. कनेक्टरची घट धरली तरी दोनेक डेसिबल. माझे बारा-चौदा डेसिबल कुठंतरी गळत होते.

मला वाटलं केबल पुरताना कुठं तरी चेमटली. दोन पोरं पाठवून सगळी पोती उचलून बघितली. काही नव्हतं.

ज्यांच्याकडून सामान आणलं होतं त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "टोकं साफ केलीत का?" साफ करायचा पेन डब्यात असायला हवा होता, तो नव्हता. सामान नेताना यादीशी ताडून घेण्याची जबाबदारी माझीही होती. साडेदहा झाले होते. मी तासगावच्या आमच्या केबलवाल्या आबांना फोन केला. गेली आठ-नऊ वर्षं ते घरोघरी फायबर इंटरनेट जोडतात. "आबा, पॉवर मीटर आणि एलसीचा पेन घेऊन येता का?" ते पंचवीस मिनिटांत मोटारसायकलवरून आले.

त्यांनी पहिलं काय केलं, तर उजेड मोजायच्या त्या मीटरचं सेटिंग बदललं. घरच्या इंटरनेटला कंपनीकडून घराकडे उजेड येतो १४९० नॅनोमीटरवर, म्हणून त्यांचा मीटर कायम तिथं असतो. "तुमचं १३१० हाय, न्हाईतर आकडा खोटा दाखवंल." मग ते थेट गच्चीवर गेले. आपल्या पिशवीतला फायबरचा स्वच्छ जंपर युनिटच्या टीएक्सला लावला आणि मीटर बघितला. उणे १५. म्हणजे केबलचा संबंध यायच्या आधीच, युनिटच्या तोंडापाशीच उजेड अडत होता.

"ह्या भोकात काय घातलं व्हतं?"

तेव्हा मला आठवलं. सकाळी ड्रमची टोकं उघडताना टोपी काढली, कनेक्टर हातातून निसटून गच्चीवर पडला, मी तो उचलून शर्टाला पुसला आणि युनिटमध्ये लावला. आखाड्याची माती साधी नसते. लाल माती चाळून त्यात हळद, ताक, तेल, लिंबू मुरवतात, म्हणून ती मऊ आणि चिकट होते. पैलवान मारुती माने यांच्या कवठेपिरानचा हा सांगली जिल्हा, इथं ती माती लोक कपाळाला लावतात. गेले आठ दिवस ती खणून, उकरून, फिरवून चालली होती आणि तिची बारीक धूळ शाळेच्या गच्चीवरही बसली होती. सिंगल मोड फायबरचा जो गाभा उजेड नेतो त्याचा व्यास ९ मायक्रॉन. आपला केस त्याच्या सात-आठ पट जाड असतो. त्या गाभ्यावर मातीचा एक तेलकट कण बसला की उजेड अडलाच. आणि टोक नुसत्या डोळ्याला चकचकीत दिसतं.

आबांनी पेन काढला. एलसीला १.२५ मिलिमीटरचा लागतो, घरच्या इंटरनेटच्या एससी कनेक्टरला अडीचचा. त्यांच्याकडे दोन्ही होते. पेनचं तोंड युनिटच्या भोकात सरळ घालून दाबलं, टक् असा आवाज झाला. आत कोरडा दोरा फिरतो आणि कण उचलून नेतो. दोनदा केलं. जंपर पुन्हा लावला. मीटरवर उणे २.६.

मला अगदी हायसं वाटलं. मग केबलची चारही टोकं आणि मांडवातल्या पेटीची दोन्ही भोकं त्याच पद्धतीनं साफ केली. एक बाजू साफ करून चालत नाही. घाण कनेक्टर स्वच्छ भोकात घातला की तेही घाण होतं, आणि ते पुढच्या कनेक्टरला देतं. मांडवातल्या पेटीवर आकडा आला उणे ३.९, दिवा हिरवा, तीन नंबरचं चित्र लख्ख. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जाताना आबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जादा पॅचकॉर्ड (आखूड जोडकेबल) लागली तर घरच्या इंटरनेटची हिरव्या तोंडाची वापरायची नाही. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांना नीट टेकत नाहीत, उजेड वाया जातो आणि टोकही खराब होऊ शकतं. दुसरी, टोकात डोकावून बघायचं नाही. १३१० चा उजेड डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं समजू नये. पैसे विचारले तर म्हणाले, "गदेची कुस्ती नीट दाखवा, आमची म्हातारी घरात बघत बसल्या."

साडेअकरा. आता सेटिंग. आमचा मिक्सर १०८०आय५० या चित्रप्रकारावर चालतो आणि कॅमेरा शेवटच्या कामाला १०८०पी५० वर ठेवलेला होता. फायबर युनिट दोन्ही नेतं, पण मिक्सरनं ते चित्र घेतलं नाही. कॅमेऱ्याचं आउटपुट बदलल्यावर आलं. टॅलीत, म्हणजे कुठला कॅमेरा लाइव्ह आहे ते दाखवणाऱ्या लाल दिव्यात, घोळ झाला. एक नंबर कट केला की दाजींचा लाल दिवा लागायचा. आमच्या कॅमेऱ्यांत टॅली आणि कंट्रोलची माहिती रिटर्नच्या एसडीआयमधूनच येते आणि ज्याचा जो नंबर तो ती उचलतो. दाजींच्या कॅमेऱ्याचा आयडी १ राहिला होता, तो ३ केला. हे आधी लक्षात आलं नसतं तर मी एक नंबरची आयरिस (लेन्समधून येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप) फिरवताना दोन्ही कॅमेऱ्यांची फिरली असती.

बॅटरीचा प्रश्न मला आदल्या रात्रीच पडला होता. कॅमेरा आणि युनिट मिळून चाळीसेक वॉट खातात. ९५ वॉटतासाची बॅटरी दोन-सव्वादोन तास चालणार, आणि बॅटरी युनिटच्या पाठीवर असल्यामुळे ती बदलताना लिंक तुटणार. म्हणून शाळेच्या लाइटवरून अडॅप्टर दिला आणि बॅटरी मागं तशीच ठेवली. लाइट गेली तर बॅटरी धरते. गेल्या वर्षी याच शाळेच्या लाइटनं झिणझिण्या दिल्या होत्या. या वेळी मध्ये तांबं नसल्यामुळे काहीच त्रास झाला नाही.

टॉकबॅकवर, म्हणजे हेडसेटवरच्या आमच्या बोलण्यावर, मात्र जास्त वेळ द्यायला हवा होता. रिकाम्या मैदानात आवाज छान येत होता. दुपारी हलगी आणि घुमकं सुरू झाल्यावर दाजींना माझं काही ऐकू येईना. हेडसेटचा आवाज पूर्ण वाढवला तरी त्यांच्या माइकमधून हलगीच परत माझ्या कानात. शेवटी त्यांनी बोलायचं बटण दाबूनच बोलायचं ठरवलं, आणि मी नेहमीची वाक्यं सोडून एकेक शब्द वापरायला लागलो. "वाइड." "आखाडा." "पंच."

गदेची कुस्ती दिवे लागल्यावर लागली. फ्लडलाइट चालू झाले तेव्हा तीन नंबर एकदम पांढराफटक पडला. गेल्या वर्षी असं झालं की मी फोन करायचो आणि दाजी आयरिस बंद करेपर्यंत चार-पाच सेकंद जायचे. या वेळी मांडवात बसून बोटानं आयरिस खाली आणली आणि तीनवर कट केला. दोन्ही मल्ल सलामीला उभे होते, भोवती माणसांचं कडं, मागं अंधारलेल्या बागा. पकड होऊन घिस्सा डाव बसला तेव्हाही मी तीनवरच होतो. चीतपट झाल्यावर लोक आखाड्यात धावले, ती अख्खी लाट गच्चीवरून दिसली.

रात्री दहाला सामान आवरलं. केबल गुंडाळायच्या आधी दोन्हीकडची टोकं युनिटमधून काढली, पेनानं एकदा टक् केलं, टोप्या लावल्या, युनिटच्या भोकांनाही टोप्या लावल्या, आणि मगच फाटकापाशी पोती उचलायला गेलो. आबांचा पेन खिशात होता. तो दुसऱ्या दिवशी तासगावला जाऊन त्यांच्या हातात दिला आणि येताना तसाच एक विकत घेतला.