ग्रुप आडवा का फुटत होता

स्प्रिंगच्या एअर रायफलवर १० मीटरचा सराव करताना माझा ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या छिद्रांचा पुंजका, सतत फुटायचा आणि मी दोष छर्‍यांना देत राहिलो. डबे बदलले, एकेक छर्रा तोलून वेगळा केला. शेवटी वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला. दहा शॉटमधला सर्वांत जलद आणि सर्वांत मंद यांच्यात जेमतेम ३ मीटर प्रतिसेकंदाचा फरक! वेग १७५ च्या आसपास असेल, तर ५ मीटर प्रतिसेकंदाच्या फरकाने छर्रा १० मीटरवर सुमारे १ मिमी वरखाली होतो. माझे छर्रे त्याहून कितीतरी जास्त पसरत होते, आणि तेही आडवे. वेग बिघडला तर ग्रुप उभा लांबतो. आडवा फुटतोय म्हणजे दोष दुसरीकडेच होता.

तो माझ्या डाव्या हातात होता. स्प्रिंगच्या जोराने आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे सरते, तो थांबतो तेव्हा पुढे खेचली जाते, आणि यातलं बरंचसं छर्रा नळीत असतानाच घडून जातं. मी कधी घट्ट धरायचो, कधी सैल, हातही पुढेमागे व्हायचा. लाकडावर टेप चिकटवून खूण केली, पंजा उघडा ठेवला, रायफल त्यावर नुसती टेकवली. तीन आठवड्यांत ग्रुप निम्म्यावर आला.

मग पीसीपी घेतली, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे पहिल्या दिवशी हरखून गेलो. पण लांब सराव केला की छर्रे उभ्या रेषेत लागायचे. रायफलला रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, नव्हता. प्रत्येक शॉटला गेजवरचा दाब आणि वेग वहीत लिहिला, तेव्हा चित्र दिसलं: २०० बारला वेग कमी, पुढे वाढत जातो, १६० ते ११० बारमध्ये स्थिर राहतो, मग घसरतो. भरलेल्या सिलिंडरचा दाब हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हलाच इतका दाबून धरतो की आतल्या हातोडीच्या ठोक्याने तो पुरेसा उघडत नाही. जास्त हवा भरली की जास्त वेग, हा माझा समज साफ चुकीचा होता. तेव्हापासून १६० लाच भरणं थांबवतो.

सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी रायफल मी थोडेच दिवस वापरली. २० अंशांना त्या वायूचा दाब सुमारे ५७ बार असतो, शून्याला ३५. भराभर शॉट मारले तरी वायू गार पडून वेग उतरतो. थंडीत तिच्यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

अलीकडे पीसीपीला रेग्युलेटर बसवून घेतला. वेग सुधारला, पण रात्रभर ठेवल्यावर सकाळचा पहिला शॉट जलद जायचा. आतलं सील किंचित गळत होतं, म्हणून रेग्युलेटरच्या पुढचा दाब हळूहळू चढायचा. सील बदललं आहे. तरीही पहिले दोन शॉट मी गुणांत धरत नाही.