आठ महिन्यांची गाडी, बारा महिन्यांचा हप्ता

आमच्या भागातील लहान ट्रकमालकांच्या वतीने परिवहन खात्याला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा लिहिण्याचे काम अलीकडे माझ्याकडे आले. यांतील बऱ्याच जणांचे हिशेब मी लिहितो, विवरणपत्रे भरतो आणि कर्जप्रकरणाच्या वेळी बँकेत त्यांच्या शेजारी बसतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणे स्वाभाविकच होते. बैठकीत सर्वांचे एकमत झालेली मागणी एका वाक्यात मावणारी होती : डिझेल गाड्यांच्या धुराचे नवे नियम रद्द करावेत. ती मागणी जशीच्या तशी लिहायला माझी तयारी नव्हती. मात्र तिच्यामागची तक्रार खरी आहे, आणि ती नीट मांडली जात नाही म्हणून कोणी ऐकतही नाही, असे माझे मत आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू. भारत स्टेज-६, म्हणजे बोलीभाषेतील बीएस-६, १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला. त्याआधीचा बीएस-४ देशभर लागू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. मधली बीएस-५ ही पायरी गाळून थेट सहाव्या पायरीवर जाण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केला. आपल्या शेजारच्या गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ साली जो आराखडा दिला होता, त्यात एकेक पायरी चढायला काही वर्षांची उसंत होती. या वेळी ती मिळाली नाही. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आले. अवजड इंजिनांसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅमवर आली. हे अंतर नुसते इंजिन सुधारून कापता येत नाही, म्हणून धुराच्या नळीवर काजळी अडवणारी गाळणी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाचे पाणी फवारणारी यंत्रणा बसली, त्यांच्यासोबत तापमान, दाब आणि वायू मोजणारे सेन्सर आले, आणि या सगळ्यावर देखरेख करणारा संगणकही आला. गाडीची किंमत वाढली ती या सामानामुळे.

बैठकीत कणकवलीकडच्या एका ज्येष्ठ मालकांनी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ठासून सांगितले, "समुद्राचो वारो आसा, धूर हयसर रवतलो खंय?" टाळ्या पडल्या. किनाऱ्यावरची हवा दिल्लीपेक्षा बरी आहे हे कोणीही मान्य करील, परंतु वारा धूर वाहून नेतो तो धूर नळीतून बाहेर पडल्यानंतर, आणि त्याआधीचा श्वास चालक व क्लीनर घेतात. कशेडीच्या किंवा परशुरामच्या चढावर भरलेल्या गाड्यांची रांग लागली की मागच्या गाडीच्या केबिनमध्ये काय भरते, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये स्पष्टपणे जाहीर केले. तेव्हा वाऱ्याचा मुद्दा मी निवेदनातून काढला आणि तसे त्यांना सांगितलेही. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता खरी तक्रार. कोकणातील मालवाहतूक बारमाही नाही. जांभ्याच्या चिरेखाणी पावसात बंद पडतात. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणजे मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी नाही, बर्फाची खेपही नाही. हापूसचा हंगाम मार्च ते मे एवढाच. ज्या माणसाकडे एक किंवा दोन गाड्या आहेत, तो वर्षातले आठ महिने धावतो आणि त्या आठांपैकीही तीनच महिने खऱ्या कमाईचे असतात, बाकी चिरे, वाळू, सिमेंट, जे मिळेल ते. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने असतो, विमा वर्षाचा असतो, आणि नियम पाळण्यासाठी गाडीवर चढलेले सामान गाडी धावो वा अंगणात ताडपत्रीखाली उभी राहो, त्याची किंमत कर्जात धरलेलीच असते. महामार्गावर वर्षाला लाखभर किलोमीटर धावणाऱ्या मोठ्या कंपनीच्या गाडीवर हा बोजा किलोमीटरमागे पैशांत येतो, तर लांज्याच्या चिरेवाल्याच्या गाडीवर तोच बोजा रुपयांत येतो. हवेत सोडलेल्या धुराचे प्रमाण मात्र याच्या अगदी उलट असते. जो कमी धावतो तो कमी धूर सोडतो आणि किलोमीटरमागे जास्त किंमत मोजतो. माझ्या मसुद्याचा सगळा भार या एका हिशेबावर आहे.

दुसरी अडचण यंत्राच्या स्वभावाची आहे आणि ती शहरात बसून कळणारी नाही. गाळणीत साठलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी नळीतले तापमान साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावे लागते. मोकळ्या रस्त्यावर तासन्‌तास एका वेगाने धावणाऱ्या गाडीत हे काम बऱ्याच अंशी आपोआप उरकते. खाणीपासून बांधकामापर्यंत दहा-बारा किलोमीटर जाऊन तासभर उभी राहणारी आणि परतताना रिकामीच उतार उतरणारी गाडी मात्र तेवढी तापतच नाही. मग काजळी साठत जाते, समोर पिवळा दिवा लागतो, आणि चालकाने दुर्लक्ष केले की इंजिनाची ताकद कमी केली जाते.

मागच्या एप्रिलमध्ये हातखंब्याच्या तिठ्याजवळ अशी एक गाडी मी पाहिली. आत वाशीच्या बाजारासाठी आंब्याच्या पेट्या होत्या. बाजूला उभी करून गाळणी साफ करण्याचे बटण दाबलेले होते, त्यामुळे इंजिन स्वतःहून मोठ्या आवाजात फिरत होते, आणि नळीच्या तोंडाशी हवा इतकी तापली होती की पलीकडचा फलक थरथरल्यासारखा दिसत होता. गाडी कडेच्या वाळलेल्या गवतावर येते आहे हे पाहून क्लीनरने ती आधी पाच-सहा हात पुढे, खडीवर घ्यायला लावली होती. चालक ताडपत्रीखाली हात घालून पेट्यांची ऊब पुन्हा पुन्हा तपासत होता. हा प्रकार अर्धा-पाऊण तास चालतो. पहाटेच्या व्यवहाराला गाडी पोहोचली नाही तर दर पडतो, आणि तो कोणाच्या खिशातून जातो यावरून बागायतदार आणि गाडीमालक यांच्यात नंतर जे बोलणे होते, ते मी हिशेबाच्या वहीत 'इतर कपात' या नावाखाली लिहितो.

युरियाच्या पाण्याबद्दल मात्र उगाच ओरड होते. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, एवढेच ते द्रावण असते. डिझेलच्या साधारण पाच टक्के लागते, म्हणजे रत्नागिरी ते वाशी एका खेपेला तीन-चार लिटर. एवढ्याने कोणाचे दिवाळे निघत नाही. दिवाळे निघते ते सेन्सरने. खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत अधिकच, आणि चुकीचा संकेत गेला की यंत्रणेत प्रत्यक्ष बिघाड असो वा नसो, गाडी मंदावते. पूर्वी गावचा मेस्त्री पाना आणि कान यांच्या बळावर गाडी दुरुस्त करी. आता संगणक जोडल्याशिवाय दोष कळत नाही, आणि तो कंपनीच्या केंद्रात असतो, तेथे रांग असते, सुटा भाग मागवावा लागतो, प्रसंगी गाडी अंबा घाट चढवून कोल्हापूरला न्यावी लागते. ऐन मे महिन्यात गाडी चार दिवस उभी राहणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी लेखापाल असण्याची गरज नाही.

यातून एक वाईट धंदा उभा राहिला आहे. "युरिया बंद करून देतो" असे सांगणारे लोक महामार्गाच्या कडेला भेटतात, एक छोटी पेटी जोडतात, ती संगणकाला सर्व ठीक असल्याचे खोटे सांगत राहते आणि फवारा बंद पडतो. पीयूसीच्या तपासणीत हे सापडत नाही, कारण डिझेल गाडीची पीयूसी केवळ धुराचा दाटपणा मोजते, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाही. म्हणजे जादा पैसे मोजून घेतलेली स्वच्छ गाडी मालकाने आणखी पैसे मोजून पुन्हा अस्वच्छ केली, आणि कागदावर सारे यथासांग राहिले. मला याबद्दल सहानुभूती नाही. तथापि दुरुस्ती आवाक्यात नसेल तर हा धंदा वाढणारच, हेही तितकेच खरे आहे.

जुन्या गाड्यांचा प्रश्न याच साखळीतला आहे. नवी गाडी परवडत नाही म्हणून माणूस जुनी ओढत राहतो. पंधरा वर्षांपुढच्या अवजड ट्रकच्या पासिंगचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून साडेबारा हजारांवर नेण्यात आले. गाडी मोडीत काढणाऱ्यास ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या धोरणानुसार जुन्या गाडीची मोड म्हणून नव्या गाडीच्या मूळ किमतीच्या चार ते सहा टक्के, नव्या खरेदीवर उत्पादकाकडून पाच टक्क्यांपर्यंत सूट आणि व्यापारी वाहनाच्या करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. यांतली उत्पादकाची सूट ही सक्ती नसून सल्ला आहे. समजा नवी गाडी पंचवीस लाखांची असेल, तर सूट मिळालीच तरी ती सव्वा लाखाची होते. ज्याचे आधीचे कर्ज नुकतेच फिटले आहे आणि ज्याची जुनी गाडी अजून चिरे वाहते, त्याला उरलेल्या रकमेचे नवे कर्ज काढायला हे पुरेसे कारण वाटत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मलाही वाटले नसते.

त्यात मुंबईची टांगती तलवार आहे. दिल्लीत १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या नोंदणीच्या, बीएस-४ हून जुन्या मालगाड्यांना प्रवेश बंद झाला आणि बीएस-४ गाड्यांनाही ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुदत आहे. मुंबई महानगर प्रदेशात डिझेल-पेट्रोलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आणि राज्य शासनाने समितीही नेमली. कोकणच्या आंब्याचा आणि मासळीचा मोठा बाजार त्याच प्रदेशात आहे. तेव्हा वाशीचे दार बंद झाले तर गाव कितीही हवेशीर असून उपयोग नाही.

हे भांडण आपल्याकडेच आहे असे नाही. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने डिसेंबर २००८ मध्ये ट्रक आणि बससाठी नियम केला, त्यानुसार २०२३ पर्यंत रस्त्यावरच्या जवळपास सर्व ट्रकांना २०१० च्या प्रमाणाचे इंजिन असणे आवश्यक होते. तेथील लहान मालकांनीही किमतीवरून, गाळणीच्या बिघाडांवरून आणि आगीच्या भीतीवरून विरोध केला, कोर्टात गेले. मंडळाने आधी मंदीमुळे आणि पुन्हा २०१४ मध्ये मुदती सैल केल्या, त्यात तीन किंवा त्याहून कमी गाड्या असणाऱ्यांना विशेष सवलत होती. गंमत पुढेच आहे. फ्रेस्नो परगण्यातील एका वाहतूक कंपनीने मूळ मुदतीत पैसे घालून गाड्या बदलल्या होत्या. "आम्ही नियम पाळला, आता न पाळणाऱ्यांशी आम्हाला भाड्यात स्पर्धा करावी लागते" असा तिचा दावा होता, आणि मंडळाने सवलत देताना योग्य प्रक्रिया पाळली नाही, असा निकाल २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दिला. हे मी बैठकीत सांगितले तेव्हा मागच्या रांगेतून एक तरुण मालक प्रथमच बोलला. त्याने २०२१ साली कर्ज काढून बीएस-६ गाडी घेतली आहे. "नियम रद्द झाला तर माझे काय?" असे त्याने विचारले, आणि त्यानंतर रद्द करण्याची मागणी कोणी केली नाही.

मसुद्यात शेवटी जे राहिले ते असे. पासिंगचे शुल्क आणि गाडी बाद करण्याचे निकष केवळ वयावर न ठरवता प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरशी व मोजलेल्या धुराशी जोडावेत. मोडीत काढण्याची मदत एक-दोन गाड्यांच्या मालकास व्याजसवलतीच्या रूपात मिळावी आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत हप्त्याचा भार कमी ठेवण्याची सोय बँकांनी द्यावी. दोष शोधण्याची संगणकीय साधने आणि सुटे भाग स्वतंत्र मेस्त्र्यांना रास्त दरात उपलब्ध व्हावेत, त्यांच्या प्रशिक्षणाची सोय जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत व्हावी. जी सवलत द्यायची ती नियमासोबतच जाहीर व्हावी, मुदत संपल्यावर नव्हे. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून कोलाड ते वेर्णा नेते. लांब पल्ल्याचे अधिक ट्रक त्या मार्गाने गेले तर घाटातला धूर कोणाचाही खिसा न कापता कमी होईल, म्हणून तोही मुद्दा घातला आहे.

फवारा बंद करणाऱ्या पेट्यांवर कारवाई करावी, हे वाक्य घालण्यावरून मात्र शेवटपर्यंत वाद झाला. ते काढले तर मी निवेदन लिहिणार नाही असे मी सांगितले. सध्या ते मसुद्यात आहे, परंतु सह्या अजून निम्म्याच झाल्या आहेत, आणि किलोमीटर नेमके कशावरून धरायचे, मीटरवरून की फास्टॅगच्या नोंदींवरून, हेही अजून ठरायचे आहे. मीटर मागे फिरवता येतो, आणि चिरेवाल्याच्या वाटेवर टोलनाका लागतच नाही.