आजींना विचारलं का?

निफाड तालुक्यातल्या एका गावातून आजींना रात्रीच नाशिकला आणलं होतं. वय ८७. सकाळी राउंडला आयसीयूत पोचले तेव्हा नसा सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनची ड्रिप चालू असूनही छातीत दुखणं थांबत नव्हतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारं ट्रोपोनिन रक्तात वाढलेलं, ईसीजीत बहुतेक लीडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या आलेखांत, एसटी नावाची रेघ खाली आणि एव्हीआर या लीडमध्ये वर. असा ईसीजी दिसला की लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत अडथळा असल्याचा संशय येतोच.

बाहेर दोन मुलं आणि सुना. थोरला म्हणाला, "मॅडम, या वयात कशाला चिरफाड? गोळ्या द्या, जेवढं आयुष्य आहे तेवढं." धाकटा म्हणाला, "खर्चाचं बघू नका, काय करायचं ते करा." दोघांचाही जीव आईवर होता. पण आईला कोणी विचारलंच नव्हतं.

मी आधी वेगळीच चौकशी केली. महिनाभरापूर्वी आजी कशा होत्या? अंघोळ आपली आपण करायच्या का? विसरतात का? धाकटी सून म्हणाली, "परवापर्यंत कांदाचाळीत बसून सडका कांदा निवडत होत्या. मजुरांचा हिशोब अजून त्यांच्याकडेच आहे." जन्मतारखेने मला एवढं कधीच सांगितलं नसतं.

८० च्या पुढे सरसकट नियम चालत नाही. २०२४ साली ब्रिटनमधल्या 'सीनियर रीटा' चाचणीचे निकाल आले. ७५ किंवा त्याहून जास्त वयाचे, अशाच प्रकारचा अटॅक आलेले १,५१८ रुग्ण त्यात होते. काहींना फक्त औषधं, काहींना औषधांसोबत अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे पुढचे उपचार. हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक, हे दोन्ही मिळून पाहिलं तर फरक पडला नाही. जीवघेणे न ठरलेले अटॅक मात्र कमी झाले. म्हणून वयस्कर माणसाला लगेच कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत न्या, असं मी म्हणत नाही. पण औषधांनी दुखणं थांबतच नसेल तर प्रश्न बदलतो.

कानाचं मशीन पिशवीतच राहिलं होतं. ते लावून घेतलं आणि आजींना सगळं सांगितलं: नस आतून उघडायचा प्रयत्न करता येईल, त्यात जीव जाऊ शकतो, लकवा मारू शकतो, किडनीवर ताण येतो. त्यांनी एकच विचारलं, "दुखायचं थांबंल का, पोरी?"

"बहुतेक थांबेल."

"मग कर. असं निजून राहणं मला नाही जमायचं."

मनगटातून अँजिओग्राफी केली. डाय, म्हणजे नसा एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध, सोडण्याआधीच पडद्यावर कॅल्शियमच्या दोन रेघा हलताना दिसल्या. लेफ्ट मेन ९० टक्के बंद, उजवी धमनी जुनीच पूर्ण बंद. वजन ४१ किलो, हिमोग्लोबिन ९.४, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून १.७. सर्जननी बायपासला नकार दिला आणि तो मला पटला.

नस उघडायचा फुगा पुढे सरकेना, तेव्हा रोटा, म्हणजे आत फिरणारं घासायचं यंत्र घेतलं. हिऱ्याचे कण बसवलेलं सव्वा मिलिमीटरचं टोक मिनिटाला दीड लाख फेऱ्यांनी फिरतं आणि कॅल्शियम घासून काढतं. सगळं लक्ष आवाजाकडे असतं. टोक अडलं की सूर खाली येतो. दुसऱ्या खेपेला बीपी ७० वर घसरलं. हात थांबवले, बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन सुरू केलं, वर येईपर्यंत कोणी बोललं नाही. नंतर फुगा गेला, स्टेंट बसला. आयव्हसने, म्हणजे नसेच्या आतून केलेल्या सोनोग्राफीने पाहून खात्री केली, त्यामुळे डायही कमी लागला.

दुखणं टेबलावरच थांबलं. रात्री मात्र आजी भ्रमात गेल्या, सलाइन ओढू लागल्या, मजुरांना हाका मारू लागल्या. या वयात हे नेहमीचं, आणि झोपेचं इंजेक्शन द्यायची घाई इथे महागात पडते. चष्मा चढवला, कानाचं मशीन लावलं, सुनेला उशाशी बसवलं, सकाळी खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आल्या. क्रिएटिनिन थोडं चढून खाली आलं.

डिस्चार्जच्या वेळी धाकट्याने विचारलं, "उजवी पण उघडून टाकायची का?" मी नाही म्हणाले. त्या भागाला शेजारच्या बारीक वाटांनी रक्त मिळतंय, आजींना त्रास नाही. पुन्हा डाय आणि पुन्हा धोका कशासाठी?

तीन महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा हिमोग्लोबिन आणखी उतरलं होतं. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्यातली ॲस्पिरिन बंद केली, क्लोपिडोग्रेल ठेवली. आजींची तक्रार गोळ्या फार असल्याची होती. यादी पुढ्यात घेऊन बसलो आणि आणखी दोन कमी केल्या.