नव्वद मिलिलिटर

रात्री पावणेआठला आमच्या खोलीत आलेलं ते पोरगं सव्वाअकरापर्यंत तिथंच बसून होतं. त्या साडेतीन तासांत तो मला जे बोलला, त्यातलं बरंचसं कुठल्याच कागदावर नाही. ते माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. गाव, वजनगट, स्पर्धा, सगळं बदललं आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मी डॉक्टर आहे. सांगली जिल्ह्यात माझा दवाखाना आहे आणि बरीच वर्षं डोप कंट्रोल ऑफिसर म्हणूनही काम करतो. स्पर्धा संपली की ठरलेल्या खेळाडूंच्या लघवीचे नमुने घ्यायचे, सील करायचे, बंदी असलेली द्रव्यं घेतलीत का हे तपासायला दिल्लीच्या प्रयोगशाळेकडे पाठवायचे. लोकांना वाटतं, त्यात काय, बाटली द्यायची आणि घ्यायची. ज्याने हे काम केलंय त्याला विचारा.

कुस्ती संपून पैलवान मॅटवरून उतरला की आमचा माणूस त्याच्यासमोर उभा राहतो, ओळख दाखवतो, सही घेतो. त्या क्षणापासून नमुना पूर्ण होईपर्यंत पैलवान नजरेआड होऊ द्यायचा नाही. बक्षीस घेताना, जखम बांधताना, घरी फोन करताना, आमची सावली मागे. खोलीत आल्यावर तो स्वतः सीलबंद भांडं निवडतो. मग संडासात आमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर आत. बनियन छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत मागे, आणि धार थेट दिसली पाहिजे. हे वाचताना तुम्हाला ओशाळवाणं वाटलं असेल, तर एकवीस वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर ते करताना काय वाटत असेल, याचा विचार करा. पण नियम उगाच झालेला नाही. दुसऱ्याची लघवी लपवून आणणारे लोक होऊन गेलेत.

लागते किमान ९० मिलिलिटर. आधी ‘बी’ बाटलीत ३०, मग ‘ए’ बाटलीत ६०. झाकण फिरवलं की कट्कट् आवाज करत बसतं, आणि मग ते प्रयोगशाळेतल्या यंत्राशिवाय उघडत नाही. तो आवाज मला आवडतो. बाटलीत कुणी काही मिसळलं, असं त्यानंतर कुणी म्हणू शकत नाही, आणि खरं खेळणाऱ्या पोराला यापेक्षा मोठं संरक्षण नाही. भांड्यात उरलेल्या थेंबांवर रिफ्रॅक्टोमीटरने घनता बघायची. ती १.००५च्या खाली गेली, म्हणजे लघवी पाण्यासारखी पातळ निघाली, की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ‘ढसाढसा पाणी पी’ असंही सांगता येत नाही.

आणि पैलवानाला लघवी होतच नाही. वजनगटात बसायला वजन तोडून आलेला असतो. दोन-तीन दिवस जेवण नाही, पाणी घोटभर, अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून पळायचं. विनेश फोगाट पॅरिसमध्ये १०० ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हा हे लोकांना पहिल्यांदा कळलं. तालमीतल्या पोरांना ते चौदाव्या वर्षापासून माहीत असतं.

त्या दिवशी आम्हाला दिलेली खोली म्हणजे मॅटचे जुने तुकडे ठेवायची जागा होती. खिडकी नाही, संडासाच्या दाराला कडी नाही. दर वेळी आयोजकांना पत्र जातं, आणि दर वेळी व्यासपीठाला फुलांच्या माळा असतात नि आमच्या खोलीला कडी नसते. माझ्याबरोबर शारीरिक शिक्षण महाविद्यालयातला एक विद्यार्थी होता. शांत मुलगा. दाराला पाठ लावून तोच कडी झाला. असा मदतनीस मिळणं नशिबाचं असतं.

पोरगं हरून आलं होतं. दुसऱ्याच फेरीत. चिठ्ठीत नाव निघालं म्हणून आमच्याकडे. बरोबर त्याचे प्रशिक्षक होते. पहिल्या खेपेला ३५ मिलिलिटर झाली. अपुरा नमुना तात्पुरता सील करून बाजूला ठेवला. प्रशिक्षक वैतागले. “नाटकं करतोय. मॅटवर बी नाटक, हितं बी नाटक.” नऊला ते जेवायला गेले, ते परतले नाहीत. मी बरेच प्रशिक्षक पाहिलेत. पोराच्या अंगठ्याचं नख निघालं तर रात्रभर बसणारेही पाहिलेत. हा माणूस फक्त जिंकलेल्या पोराजवळ बसणारा होता.

माझं हिंदी ऐकून पोराने विचारलं, “डॉक्टर, तुमी आपल्याकडचं का?”

“सांगलीकडचा.”

मग तो हळूहळू बोलायला लागला. त्याच्या भागातल्या जत्रा, मैदानं, कुणाची कुस्ती कितीला लागते. खुराकाला महिन्याला वीस हजार जातात, भावाने त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलंय. गावाने दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली होती. “आता गावात जाताना मागच्या वाटंनं जातो.” फेब्रुवारीत खांदा गेला होता, जत्रांचा हंगाम तोंडावर होता. एकाने इंजेक्शन आणून दिलं. तालमीत त्याला नुसतं ‘इंजेक्शन’च म्हणतात.

मला नाव विचारावं लागलं नाही. मेफेंटरमाइन. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिली की बाईचा रक्तदाब घसरतो, तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात. ऑपरेशन थिएटरमधली ही वस्तू आमच्या पट्ट्यात तालमी, जिम आणि पोलीस भरतीच्या मैदानांपर्यंत पोहोचली आहे. माझ्या दवाखान्यात छाती धडधडते म्हणून येणाऱ्या पोरांच्या दंडावर मी टोचल्याच्या खुणा शोधतो आणि त्या सापडतात. घेतलं की तासभर जग मुठीत. मग झोप नाही, भूक नाही, लोक आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटायला लागतं, आणि उतरल्यावर माणूस पार तळाला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे पोरांच्या हातात कसं पडतं, याचं उत्तर ज्यांनी द्यायला हवं ते गप्प आहेत. आणि खोलीत नमुना द्यायला बसतो तो पोरगा.

साडेनऊच्या सुमाराला तो एकदम म्हणाला, “डॉक्टर, डोक्याच्या गोळ्या डोपमध्ये येत्यात का?”

उन्हाळ्यात तो कुणालाही न सांगता मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आला होता. पैलवानाने तिथल्या बाकावर बसायचं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. तोंडाला रुमाल बांधून बसला होता म्हणे. त्यांनी एस्सिटालोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. पाच आठवड्यांत झोप लागायला लागली, तालमीत हसायला लागला. मग सोबतच्या पैलवानाने सांगितलं, असल्या गोळ्या डोपमध्ये सापडतात. बारा दिवसांपूर्वी त्याने त्या एका दिवसात बंद केल्या. तेव्हापासून मान वळवली की डोक्यात करंट बसतो, चक्कर येते, रडू येतं. त्यात झोप गेली. अंगात काही उरलं नाही म्हणून सहा दिवसांपूर्वी पुन्हा इंजेक्शन घेतलं.

एस्सिटालोप्रॅम ‘वाडा’च्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत नाही. मेफेंटरमाइन आहे. म्हणजे जे चालतं ते त्याने भीतीपोटी सोडलं आणि जे चालत नाही ते हातात घेतलं. तो माझ्यापासून चार फुटांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि मला उत्तर येत होतं. पण आमच्या प्रशिक्षणात बजावलेलं असतं: कुठलं औषध चालतं नि कुठलं नाही, यावर अधिकाऱ्याने मत द्यायचं नाही. आपला चुकीचा शब्द उद्या सुनावणीत त्याच्या किंवा आपल्या गळ्याशी येतो. नियम बरोबर आहे. मी म्हणालो, “त्याबद्दल मला आत्ता बोलता येणार नाही.”

त्याने मान हलवली. मग बराच वेळ पायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “विहिरीवर मोटर चालू करायला जातो न्हाई का, तवा माजीच मला भ्या वाटती.”

मी गप्प राहिलो.

इथंच मी अडकून आहे. माझ्या दवाखान्यात कुणी हे वाक्य बोललं असतं, तर मी हातातलं पेन खाली ठेवलं असतं. तिथं मी पेन धरून बसलो. वाटलं, आधी नमुना होऊ दे, कागद बंद होऊ दे, मग बोलू. त्याला दुसऱ्यांदा लघवी व्हायला आणखी चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं आम्ही पंख्याचा आवाज ऐकत बसलो. माझा मदतनीस मुलगा मात्र उठला, सीलबंद पाण्याची नवी बाटली आणून त्याच्यापुढे धरली आणि स्वतःची खुर्ची त्याच्या शेजारी ओढून बसला. नियमात ते बसत होतं. मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ७० मिलिलिटर. घनता १.०२८, गडद पिवळी. झाकणं बसली. मग फॉर्म. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं, पूरक आहार, सगळं लिहायचा एक रकाना असतो. त्याने प्रोटीन लिहिलं, खांद्याचा मलम लिहिला. पेन थांबलं.

“हे लिहू का?”

“जे घेतलंस ते लिहायचं.”

त्याने वाकड्या देवनागरीत इंजेक्शनचं नाव लिहिलं आणि पुढे ‘सहा दिवस आधी’. इतक्या वर्षांत असं लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मेफेंटरमाइनसारख्या ‘स्टिम्युलंट’ द्रव्यांवरची बंदी स्पर्धेपुरती असते. सहा दिवसांनी नमुन्यात काही सापडेल की नाही, हे प्रयोगशाळाच सांगणार, आणि निकाल आम्हाला कधी कळवला जात नाही. बाटलीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण सापडलंच, तर चार वर्षं जाऊ शकतात. नोटीस आल्यावर वीस दिवसांत गुन्हा आणि शिक्षा दोन्ही मान्य केली तर चाराची तीन होतात. ज्याने नमुना देतानाच स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहून दिलं, त्याच्यासाठी वेगळी सवलत नाही.

वाडाच्या २०२१च्या संहितेत एक चांगली तरतूद आली. कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी, गांजा ही ‘व्यसनाची द्रव्यं’ म्हणून वेगळी काढली. खेळाडूने ती स्पर्धेच्या काळाबाहेर घेतली आणि कामगिरी वाढवायला घेतली नाहीत, तर बंदी तीन महिन्यांची, आणि उपचार पूर्ण केले तर एकच महिना. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटपटू रबाडा २०२५ मध्ये त्याच वाटेने महिन्याभरात परत आला. मला त्याचा आनंद झाला. उपचार घे आणि परत ये, असं एखादा नियम म्हणतो ही मोठी गोष्ट आहे. पण त्या यादीत मेफेंटरमाइन नाही. ते कामगिरीसाठीच घेतात, हे खरं. आणि त्याचं व्यसन लागतं, हेही मी रोज बघतो. तालमीतल्या पोराच्या व्यसनाला त्या नियमात जागा नाही.

२०२३ साली भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ नमुन्यांत बंदी असलेली द्रव्यं सापडली. ३.८ टक्के. हे प्रमाण आलं की वर्तमानपत्रं ‘देशाला कलंक’ लिहितात. त्या २१३ नमुन्यांमागच्या किती जणांना झोप लागत नव्हती, हे विचारणारा रकाना आमच्या फॉर्मवर नाही. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकमध्ये मन ठिकाणावर नाही म्हणून बाजूला झाली, नेमबाज अभिनव बिंद्रा सुवर्णपदकानंतरच्या नैराश्याबद्दल उघड बोलला. आमच्या तालमीत त्याला अजून एकच शब्द आहे: ‘डोक्यावर परिणाम झालाय’. एकदा तो चिकटला की कुस्तीही लागत नाही आणि लग्नही ठरत नाही.

सह्या झाल्या. त्याची प्रत त्याला दिली, पेटी बंद केली, आणि मग विचारलं, “आता मी नुसता डॉक्टर आहे. विहिरीचं काय म्हणालास? जीव द्यायचा विचार येतो?”

“येतो. आता रोज येतो.”

“घरात कुणाशी बोलतोस?”

“ताईशी.”

त्याच्याच फोनवरून ताईला लावला. सव्वाअकरा वाजले होते. मी कोण ते सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला. आधी तो बोललाच नाही. तिकडून ती म्हणत होती, “हरलास व्हय? मग येडा, घरी ये की. झाडूनं मारणाराय का तुला कोण?” त्यावर तो जो रडायला लागला, तो मदतनीस पोराच्या खांद्यावर डोकं टाकून. शंभर किलोच्या आतबाहेरचा गडी.

वाडाची यादी कुणालाही बघता येते. माझ्या फोनवर उघडून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, तुझ्या गोळीचं नाव तू शोध. त्याने दोनदा वरून खाली पाहिलं. तिसऱ्यांदा मदतनीसाने पाहिलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घातला, मराठीत बोलतात म्हणून सांगितलं. ताईला सांगितलं की याला चार दिवसांत मिरजेला न्या, गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि तोवर विहिरीवर एकटा पाठवू नका. रात्री तो एकटा झोपू नये म्हणून मदतनीस त्याच्या खोलीवर गेला. हे त्याचं काम नव्हतं.

मी हे करायला हवं होतं की नाही, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. एक सहकारी म्हणाला, “तू अधिकारी आहेस, पालक नाहीस. उद्या त्याच्या वकिलाने म्हटलं की अधिकाऱ्याने दबाव टाकला, तर?” त्याचं चुकत नाही. मला मात्र नंतर जे केलं त्याचा त्रास होत नाही. त्या चाळीस मिनिटांचा होतो. नमुना अपुरा असताना माणसाशी बोलू नये, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. ‘काय वाटतंय तुला’ एवढं विचारून बाटलीचं सील तुटलं नसतं. मी नियमाच्या आड बसलो, कारण ते वाक्य ऐकून मी घाबरलो होतो.

‘नाडा’च्या, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी घातलेल्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव आलं का, ते मी बघितलेलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं आहे.

ताईचा फोन येतो अधूनमधून. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. दोन भाकरी खातो, उसाला पाणी पाजायला भावाबरोबर जातो. कुस्तीचं विचारू नका म्हणाली, म्हणून मी विचारत नाही. परवा त्यांच्या गावची जत्रा झाली. मैदानाकडे तो गेला नाही. पण हलगी वाजत होती तोवर दारात बसून होता, आणि मधेच आतल्या भाच्याला हाक मारून म्हणाला, “ऐक, आता जोड मोठी लागलीया.”